कोऱ्या तुकड्याचा बंदोबस्त

उन्हाळा सरत आला आणि कुठे पालापाचोळा जळल्याचा वास नाकात गेला, की शेणवे गावातलं ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. खून नाही, दरोडा नाही. जमिनीच्या एका रिकाम्या तुकड्याला आग लागली होती, एवढंच. पण त्या आगीत एका तरुणाची नोकरी जळता जळता राहिली, आणि ती घालवायला मी स्वतःच निघालो होतो.

महायुद्धाआधीची गोष्ट. शहापूरच्या ठाण्यावर मी फौजदार म्हणून नुकताच आलो होतो. मी देशावरचा, ज्वारी-बाजरीच्या मुलखातला; भातशेती पाहिलेली ती आगगाडीच्या खिडकीतून. एका सकाळी हजेरी चालू असताना दोन प्राध्यापक टांग्यातून उतरले. एक वनस्पतिशास्त्राचे, उंच आणि अबोल. दुसरे रसायनशास्त्राचे, बुटके आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे. दोन वेगळ्या शास्त्रांच्या माणसांनी एकत्र काम करावं म्हणून त्यांच्या विद्यापीठानं एक लहानसं अनुदान ठेवलं होतं, ते या जोडीला मिळालं होतं. तेही एकाच हंगामापुरतं. हंगाम वाया गेला तर पुढल्या वर्षी आम्हाला कुणी दारात उभं करणार नाही, असं रसायनवाले पोटतिडकीनं सांगत होते.

त्यांचं काम राबावर होतं. या भागात भाताचं बी पेरण्याआधी त्या जमिनीवर शेण, झाडांच्या टाहाळ्या आणि गवत यांचे थर रचून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्यानं रोप जोमदार का येतं, यावर या दोघांचं जमत नव्हतं. एक म्हणत, आगीनं तणाचं बी मरतं. दुसरे म्हणत, राखेनं मातीला बळ येतं. म्हणून शेणव्याच्या पोलीस पाटलांच्या शेतात त्यांनी शेजारीशेजारी दोन तुकडे आखले. एकावर राब भाजला, दुसरा मुद्दाम कोरा ठेवला. दोन्हींत एकच बी पेरायचं आणि फरक पाहायचा. आठ दिवसांनी येऊन बघतात तर कोरा तुकडाही जळून काळा. पाटील लग्नासाठी मुरबाडला गेलेले. त्या दिवसांत गावभर राब भाजत असल्यानं त्या धुराचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं.

मी फिर्याद नोंदवली, जागेवर जाऊन पंचनामा केला. गावात विचारलं तर सगळे तोंडं शिवल्यासारखे गप्प. गावकरी गप्प असले की कुणाला तरी भितात, हा माझा तेव्हाचा ठाम समज. तेवढ्यात बाजारातल्या मीठवाल्यानं, म्हणजे माझ्या खबऱ्यानं, कानावर घातलं की पाटलांचं आणि शेजारच्या विधवेच्या मुलाचं गेल्या वर्षी बांधावरून वाजलं होतं, अगदी हात उगारण्यापर्यंत. मला तेवढं पुरे होतं. त्याच तरुणाच्या चालचलणुकीच्या चौकशीचा कागद माझ्या टेबलावर पडला होता. कसाऱ्याला रेल्वेत त्याची नोकरी ठरली होती, ठाण्याचा शेरा तेवढा बाकी होता.

त्याला आणवलं. संशयिताला आधी तासभर बाकावर बसवून ठेवायचं, कुणी चकार शब्द बोलायचा नाही, ही माझी पद्धत. निम्मा जबाब बाकच घेतो. पण याच्यावर बाकाचा काही उपयोग झाला नाही. मी पहिला प्रश्न विचारला आणि तो लगेच म्हणाला, "मीच लावली, सायेब. पाटलावर राग व्हता. लिवून घ्या."

नोकरी जाईल, हे ठाऊक आहे ना, असं मी विचारलं. त्यानं खाली बघत होकारार्थी मान हलवली. इतक्या झटपट कबूल होणारा माणूस एक तर सराईत असतो, नाही तर दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हे मला तिथेच सुचायला हवं होतं. मी मात्र दोन दिवसांत गुन्हा उघडकीस आणला म्हणून खूश होतो.

माझे हवालदार मुरबाडकडचे, भातशेतीत वाढलेले. पंचनाम्याच्या दिवशी ते रजेवर होते. परतल्यावर त्यांनी माझा पंचनामा शांतपणे वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. राखेवर बारीक मातीचा पातळ थर आढळला, असं मीच लिहिलं होतं.

"साहेब, आग भडकू नये, सावकाश जळावं म्हणून वरनं माती टाकतात. रागानं लावलेल्या आगीवर माती कोण पसरील? ह्यो तर नीट भाजलेला राब हाय."

दोन्ही प्राध्यापकांना घेऊन आम्ही शेणव्याला गेलो. त्या तरुणाच्या घरामागे टाहाळ्यांच्या मोळ्या रचण्याची जागा झाडून काढल्यासारखी रिकामी होती. बांधापलीकडे मायलेकरांच्या स्वतःच्या वाफ्यात निम्म्यावरच राब भाजलेला, निम्मा कोरा. म्हातारी आई तिथेच उभी होती. हवालदारांनी विचारताच तिनं काही आडपडदा ठेवला नाही.

"मुंबयचे मास्तर लोक. त्यांच्या टाहाळ्या सरल्या आसतील, म्हनून निम्मा तुकडा तसाच रायला. बिनराबाचं रोप कुनाचं बी ठेवू नये. माज्याकडं होत्या, मी भाजला. पोराला मागनं सांगितलं, ठान्यातनं बोलावनं आलं तवा."

मग गावात कुणी बोललं का नाही, असं मी विचारलं. हवालदार म्हणाले, कुणाचा राब कमी पडला तर शेजारी पुरा करतात आणि त्याचा उच्चारही करत नाहीत. बोललं तर घेणाऱ्याचं उणं निघतं. पण पाटलांशी तर तुमचं भांडण आहे, असं मी म्हातारीला म्हणालो.

"भांडन बांधाचं, सायेब. रोपाशी काय भांडन?"

रसायनवाल्यांनी कपाळावर हात मारला. तुकडा कोरा का ठेवला, हे दोघांपैकी एकानंही गावात सांगितलं नव्हतं. वनस्पतीवाले मात्र बांधापलीकडे बघत होते. तोच उतार, तीच माती, आणि निम्मा वाफा कोरा. आपलं देऊन टाकून म्हातारीनं त्यांना हवा तसा तुकडा तयार ठेवला होता. त्यांनी तो एका हंगामापुरता मागितला. बदल्यात आमच्या दोन्ही भाजलेल्या तुकड्यांतलं सगळं रोप लावणीला तुमचं, असंही म्हणाले. तुकडा द्यायला तिची ना नव्हती. तो कोरा ठेवायचा, हे तिला पटत नव्हतं. अखेर तिनं मान डोलावली.

गावाचा मात्र मला भरवसा नव्हता. म्हणून पेरणी होईपर्यंत तिथे एक शिपाई नेमला आणि डायरीत लिहिलं, 'कोऱ्या जमिनीस कोणी मदत करू नये म्हणून बंदोबस्त.' वरिष्ठांनी त्यावर खुलासा मागितला, तो वेगळा. शिपायानं परत येऊन सांगितलं की तीन बाया मोळ्या घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडून माघारी पाठवलं. गैरसमजातून घडलेला प्रकार, असा अहवाल देऊन मी प्रकरण मिटवलं. चौकशीच्या कागदावर 'चालचलणूक उत्तम' असं लिहिलं, आणि खोट्या कबुलीबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. तो कसाऱ्याला कामावर रुजू झाला, याचा मला त्याच्याइतकाच आनंद झाला होता.

लावणीच्या सुमारास मी मुद्दाम शेणव्याला गेलो. राबातलं रोप हिरवंगार, दाट. कोऱ्या तुकड्यातलं पिवळं, तणात हरवलेलं. दोन्ही प्राध्यापक वह्या घेऊन चिखलात उभे राहून आनंदानं भांडत होते. पुढल्या वर्षीही त्यांना अनुदान मिळालं, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते गाव जमवून सगळं समजावून सांगण्याचं. म्हातारी बांधावर हाताची घडी घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "बघवत नाय, सायेब. पन हात नाय लावला."

तोवर प्रत्येक तपासात मी एकच प्रश्न विचारत असे, की इथे वैर कुणाचं आहे. त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत मी त्याच्या जोडीला दुसराही विचारत आलो, की हे कुणाला बघवलं नसेल. पुढे दोन-तीन निरपराध माणसं माझ्या हातून गजाआड जायची राहिली, ती या दुसऱ्या प्रश्नामुळे.