धबधब्यापाशी घेतलेलं नाव

आमी दोघायनं शेवटचं काय केलं, तर सहस्रकुंडाच्या धबधब्यावर एक भाजलेलं कणीस वाटून खाल्लं. ढाणकीच्या बाजारात तो वास आला का मी अजून तोंड फिरवतो.

पैनगंगा धो धो पडून राह्यली होती. बायको कठड्याले धरून पाण्याकडं काही तरी ओरडली. मंग हासत म्हणे, "तुमचं नाव घेतलं. लग्नापासून पयल्यांदा. आयकू आलं का?"

"नाही. पागल झाली का? चाल, बस चुकीन."

"तुमी बी माह्यं घ्या ना एकडाव."

"नाव घ्याले तू काय आमदारीन हायेस?"

घरी येईस्तोवर ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. मले वाटलं, रुसली. मी एकट्यापुरता चहा केला, आरामात पेलो, अन् मंग तिले उठवाले गेलो. अंग थंड पडलं होतं.