निबर पंचम

“बाई, माझं मन राखू नका. सूर कसाय तेवढं सांगा.”

पेटीची एक पट्टी दाबून धरायची, मान तिरकी करायची आणि हे म्हणायचं, ही मामांची सवय. बेंबळीच्या आमच्या शाळेत मी संगीत शिकवते. पेटी दुरुस्त करायला मामा ढोकीहून येत.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, “छान आहे.”

“छान पाव्हण्याच्या च्याला म्हणा. सुराचं सांगा. कवळा हाय का निबर?”

सुराला भेंडीची भाषा लावणारा माणूस तुम्हीही क्वचितच पाहिला असेल. मला हसू आलं. पण त्यांनी दोन पट्ट्या आळीपाळीनं दाबल्या, आणि एकीचा आवाज खरंच निबर होता. सुरात होता, पण कानाला टोचत होता. मामांनी त्या सुराची पितळी पात कानशीनं हलकेच घासली, तसा तो मऊ होत गेला. पुढं मीही त्यांचे शब्द शिकले. ओला, कोरडा, कच्चा, पिठूळ.

नंतर मामांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. “लोकाला कळलं तर पेटी कोण दील हातात?” मग मी सांगायची आणि ते कानस चालवायचे. तीन वर्षं अशी निभावली.

गेल्या साली स्नेहसंमेलनाच्या आधी वरचा पंचम काही केल्या वठेना. सकाळपासून ते वाकून बसले होते. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मला राहवलं नाही.

“कवळा झाला, मामा.”

त्यांनी पट्टी पुन्हा दाबली. या वेळी मान तिरकी केली नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. माझी नजर खाली गेली.

“तुमच्या कानावर चाललं होतं माझं, बाई.”

कानस फडक्यात गुंडाळून ते निघून गेले. शरमेनं मला हाकही मारता आली नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाचीच पेटी उघडली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ढोकीला जायचं टाळत राहिले. दिवाळीत ते गेल्याचंच कळलं.

परवा नवा कारागीर आला. सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवून म्हणाला, “छान वाजतीय की, मॅडम.”

मी वरचा पंचम दाबून धरला.

“निबर हाय,” मी म्हणाले. मामांना द्यायचं उत्तर होतं ते.