डाव्या टाचेचा ठसा

मी भित्रा आहे हे फक्त एका माणसाला माहीत होतं. आज पहाटे तो माणूस गेला.

हमीदभाई. राजुऱ्याला बस स्टँडजवळ त्यांचं चपलांचं लहानसं दुकान होतं.

आधी ते एका दवाखान्यासाठी कुष्ठरोग्यांच्या चपला बनवायचे. तिथे हात बसला. मग दुखऱ्या पायांसाठी बुटात घालायची पॅड करू लागले. पायाचं माप घ्यायचे, नरम रबर कापायचे, घासायचे, पुन्हा घालून बघायला लावायचे. आता त्याला इनसोल म्हणतात, मोठ्या शहरात मशीनवर पाय ठेवून बनवतात. हमीदभाईंकडे ओल्या रेतीचा एक ट्रे होता.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी वनरक्षक. आमच्याकडे नाकेदार म्हणतात.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, एक वाघीण होती. रोज बारा-पंधरा किलोमीटरची गस्त, हातात काठी, आणि डावी टाच अशी दुखायची की सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायला नको वाटायचं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मलम दिलं. फरक शून्य.

कळपातलं लंगडं जनावर वाघ आधी हेरतो, हे मीच गावोगाव लोकांना सांगत फिरायचो. आणि आता मीच लंगडत होतो. एकटा. जंगलात. रात्री नीट झोप यायची नाही.

हमीदभाईंनी रेतीत पाय ठेवायला लावला, पॅड बनवून दिलं. फरक नाही. दुसरं दिलं. तरी नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी रेतीचा ट्रे बाजूला सारला.

"दुकानात पाय शहाणा होते भाऊ. जंगलात कसा चालते थे मले पाहा लागन."

"हमीदभाई, तिकडे वाघीण आहे."

"मालूम हाय. एकटा थोडी येऊन राह्यलो, तुमी हाय ना."

मी हो म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. खिशात टेप, हातात पाण्याची बाटली. आयुष्यात कधी जंगलात पाय ठेवला नव्हता त्यांनी.

वाघाचे ठसे नीट उमटावेत म्हणून आम्ही रस्त्यावरची माती चाळून बारीक करून ठेवायचो. ठसा बघून नर की मादी, ताजा की कालचा, हे मी छाती ठोकून सांगायचो. साहेब लोक मान डोलवायचे. स्वतःचा ठसा मात्र मी कधी बघितला नव्हता.

मी पुढे, हमीदभाई मागे, वाकून बघत. वाटेत एक नाला लागला, त्याच्या पलीकडे वाघिणीचा वावर. नाला ओलांडून अर्धा किलोमीटर गेलो आणि ते थांबले.

"नाकेदारभाऊ, तुमची टाच कुठी गेली?"

मी वळून बघितलं.

नाल्यापर्यंत अख्खं पाऊल. नाल्यानंतर फक्त पुढचं अर्धं. चोर घरात शिरतो तसा मी माझ्याच बीटमध्ये चवड्यांवर चालत होतो.

"दुखते म्हणून उचलतो," मी म्हणालो.

"दुखते तं डावी. उजवी काऊन उचलता?"

मी उजव्या पायाचा ठसा बघितला. तिथेही टाच नव्हती.

आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज हळू केला. "किती सालापासून?"

"नोकरी लागली तेव्हापासून. सहा वर्षं."

"म्हंजे सहा साल बोटावर चालून राह्यले तुमी. टाच दुखन नाई तं काय होईन?"

मला लाज वाटली. रडूही आलं.

परत फिरलो. शंभरेक पावलांवर आमच्या ठशांवर तिचा ठसा होता. हमीदभाईंच्या चपलेच्या बरोबर वर. कडेची माती अजून ढासळलीही नव्हती.

आम्ही बोलत होतो तेव्हा ती मागे होती. थोडं अंतर आमच्यामागून चालून डावीकडे बांबूत शिरली होती. म्हणजे तिथूनच बघत असणार.

हमीदभाईंनी माझा हात धरला.  त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होते. मी पुन्हा चवड्यांवर आलो.

त्यांनी खाली बघितलंही नाही.

"टाच टेकवा," ते म्हणाले. "मी बी टेकवतो. पळाचं नाई."

टाच. मग बोटं. टाच. मग बोटं.

प्रत्येक पावलाला आग होत होती. बांबूत एकदा काहीतरी वाजलं. काय होतं ते मला आजही माहीत नाही. नाल्यापर्यंत दोन बाप्ये लहान पोरांसारखे हात धरून चाललो.

नाल्यापलीकडे त्यांनी बाटली एका दमात संपवली आणि माझ्या टाचेचं माप घ्यायला बसले. टेप दोनदा हातातून पडली.

पुढचं पॅड टाचेजवळ वाटीसारखं खोल केलं होतं, टाच त्यातच बसायची. तीन-चार महिन्यांत दुखणं गेलं.

दर वर्षी नवी जोडी घ्यायला गेलो की विचारायचे, "भेव गेलं का?"

"नाही."

"माह्याही सपनात येते थे वाघीण. टाच दुखते का?"

"नाही."

"मंग चाला."

दुकानात बसणाऱ्यांना ते वाघिणीची गोष्ट रंगवून सांगायचे. माझ्यासोबतचे नाकेदार पोट धरून हसायचे. त्या गोष्टीत घाबरणारे हमीदभाई एकटेच असायचे. मी नाही. मी त्यांना हात धरून बाहेर काढायचो.

मी एकदाही खरं सांगितलं नाही. आज सांगतोय.

दुपारी कब्रस्तानात बूट काढून आत गेलो. पॅड बुटातच राहिली. कबरीजवळची माती नुकतीच उकरलेली, भुसभुशीत. माती द्यायला वाकलो आणि मागे नजर गेली.

माझे ठसे होते. दोन्ही पायांच्या टाचा नव्हत्या.

इतकी भीती मला त्या बांबूजवळही वाटली नव्हती. तेव्हा हात धरायला कोणीतरी होतं.

मी उभा राहिलो. डावी टाच टेकवली. मग उजवी. मग माती दिली.

हमीदभाई, भेव गेलं नाही. पण टाच टेकलेली आहे.

तुमच्या नाकेदाराचा शेवटचा सलाम.