पिवळी चिठ्ठी

"आडनाव?"

मी सांगितलं. टेबलामागच्या माणसानं मान वर केली.

"गाव?"

"दारव्ह्याजवळ." गावाचं नाव सांगितलं.

"गावात राहता कुठं?"

सूर्य पाहायला आलेल्या बाईला हे कशाला? तरी सांगून बसले. "बुद्धविहारापाशी."

पांढऱ्या चिठ्ठ्यांवरचा त्याचा हात उठला. त्यानं आम्हाला पिवळी दिली.

विद्यापीठाच्या वेधशाळेत रविवारी सकाळी दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दाखवणार, सहकुटुंब या, मोफत. असा कागद पोरीच्या शाळेत लागला होता. पोर सहावीत. मी घरी शिलाई करते. सासू म्हणाली, "फुकट? कायले दाखवून राह्यले फुकट?" संशय मलाही होता. पण पोरीनं वहीचं पानभर प्रश्न लिहून ठेवले होते. तिघी गेलो.

पिवळ्या चिठ्ठीवाल्यांना एका हॉलमध्ये बसवलं. पडद्यावर सूर्याचा व्हिडिओ.

"दुर्बीण कुठाय?" पोरीनं विचारलं.

तिथल्या मॅडम हसल्या. "गर्दी आहे ना बाळा. इथूनच छान दिसतो."

शेजारी बाभुळगावची एक बाई होती. मी हळूच विचारलं, "तुमाले काय विचारलं?"

"आडनाव. मंग मोहल्ला."

मला पांढऱ्या चिठ्ठ्यांवरून उठलेला तो हात आठवला. तरी मन म्हणे, उगाच शंका घेतेस. खरंच गर्दी असेल.

तेवढ्यात खिडकीतून आमच्या गावचे काका दिसले. मोठे शेतकरी. आमच्यानंतर तासाभरानं आलेले. हातात पांढरी चिठ्ठी, नातवासोबत दुर्बिणीच्या रांगेत. या नातवाचे कपडे मीच शिवते. माप घ्यायला त्यांच्याकडे गेले की मी पायरीवर बसते. बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. माझी मीच बसते.

सासूनं हात धरला. "चाल घरी. पाह्यला ना सूर्य."

मी हात सोडवला. हॉलच्या दाराबाहेरच्या टेबलाशी गेले. "साहेब, पिवळी कोणाले अन् पांढरी कोणाले?"

"जसे आले तशा दिल्या."

"ते काका आमच्या मागून आले."

"योगायोग असतो, बाई."

"मंग मोहल्ला काहून विचारला?"

तो रजिस्टर चाळायला लागला. शेजारच्या रांगेतले काका जमिनीकडे पाहत राहिले. जसं काही ओळखतच नाहीत.

आतून एक प्राध्यापक आले. आवाज मऊ. "ताई, वाद नको. मुलीला दाखवून टाकू. फक्त तिला."

माझ्यामागे आलेल्या पोरीचा चेहरा उजळला. तो चेहरा पाहून हो म्हणावंसं वाटलं. मग मी म्हणाले, "तिले एकटीले नाही. हॉलमधल्या साऱ्यायले दाखवा. नाहीतर काहून नाही, ते लिहून द्या."

हॉलमधून सात जणं उठून माझ्यामागे आली. बाकीची बसून राहिली. वेधशाळेवाल्यांनी लिहून दिलं नाही, दाखवलंही नाही. वेळ संपली म्हणाले अन् दार लावलं. परतताना पोर रडत होती. "तुयामुळं मले पाह्यला नाही भेटला," म्हणाली. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी कुलगुरूंच्या नावानं अर्ज लिहिला. त्या सातही जणांच्या घरी जाऊन सह्या आणल्या. उत्तर अजून नाही. येईल, असं वाटतही नाही. येत्या मंगळवारी मी विद्यापीठात जाणार आहे. कोणी सोबत आलं तर ठीक. नाही आलं तर एकटी.

पोर अजून रुसलेली आहे. रुसू दे. दुसऱ्यांना दाराबाहेर ठेवून स्वतः आत शिरायचं, हे मी तिला शिकवणार नाही.