माळ गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली

माझ्या मुलीला कावीळ झाली की घरात डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. सासूबाई तिला उचलायच्या आणि सुरत स्टेशनवरून भुसावळच्या गाडीत बसायच्या, गावच्या बाबाकडून माळ घालून आणायला. नव्वदनंतरची ही गोष्ट. सुरतेतच पर्वत पाटियाला खोली घेऊन राहत होतो, पण आजारपण निघालं की आमचं सगळं खानदेशात.

माळ म्हणजे काय, तर दोऱ्यात गुंफलेल्या कसल्याशा मुळीच्या काड्या. आधी टोपीसारखी डोक्यावर बसते. काड्या वाळतात, दोरा सैल होतो, माळ लांबत लांबत गळ्यात येते, मग पोटावर. गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. आणि मेलं दर वेळी पोरीचे डोळे पांढरे व्हायचेही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. थोडे महिने बरे जायचे की पोर पुन्हा पिवळी. पुन्हा पुन्हा का होते, हे विचारायचं डोकं एकालाही नव्हतं. मी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, तूच चोरून तेलकट खाऊ घातलं असशील.

मग पोट दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली हाताला गोळा लागायचा. शेजारच्या गुजराती मावशी म्हणाल्या, पेचोटी खसली, म्हणजे बेंबी सरकली. झालं. सासूबाईंनी पोरीला उताणं पाडलं, तेल घेतलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून गोळा जागेवर आणायला लागल्या. पोर किंचाळत होती. मी हात धरला तर म्हणाल्या, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? आमचे हे पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आले, हातपाय धुतले, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि जेवायला बसले.

सकाळी पोर तापानं फणफणली, हुडहुडी भरली. आणि सासूबाई गावाला जायची पिशवी भरत होत्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला कडेवर घेतलं आणि कुणाला न विचारता रिक्षात बसले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शीचा रंग विचारला. चुन्यासारखी पांढरट, मी म्हटलं. सोनोग्राफी झाली, तोवर सासूबाई आणि हे मागून येऊन पोचले. ते म्हणाले, पित्त आतड्यात नेणारी नळी जन्मापासूनच फुगलेली आहे, पिशवीसारखी. पित्त तुंबलं की कावीळ होते, वाट मिळाली की आपोआप उतरते. आता आत पू झालाय. आणखी चोळलं असतं तर पिशवी फुटली असती आणि पोर हाती लागली नसती. ताप उतरल्यावर पिशवी काढून तिथं आतडं जोडावं लागेल. असं फार क्वचित दिसतं, आणि यात कुणाचा दोष नसतो, हेही त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर सांगितलं.

सासूबाईंनी गळा काढला. पोट फाडलेल्या पोरीला करून कोण घेईल? मी म्हटलं, आधी जगू तर द्या तिला, नवरा मग बघा.

पोर वाचली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिला पिवळी शी झाली, तेव्हा मी त्या वॉर्डात वेड्यासारखी रडले.

डॉक्टरांचं बाकी काही सासूबाईंच्या कानात शिरलं नव्हतं. 'जन्मापासून' एवढं मात्र बरोबर शिरलं. पोरीच्या उशाशी उभं राहून त्या मला म्हणाल्या, "जल्मनं शे ना? मंग तुन्हाच पोटमाईन उनं ते." तुझ्याच पोटातून आलं. आणि इतकी वर्षं ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्या आमच्या ह्यांनी तेव्हा उघडलं. म्हणाले, "ही पोटात होती तेव्हा तू काय खाल्लं होतं?"

"नऊ महिने तुमच्या आईनं वाढलं ते," मी म्हटलं. "ताटात काय होतं, त्यांनाच विचारा."

शेजारच्या खाटांवरच्या बाया वळून बघायला लागल्या. मी आवाज खाली केला नाही.