पेटीच्या दाराचा शेंदूर

वारज्याला आमच्या आत्याच्या घरामागे मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या. भोवती शेतं होती तेव्हापासूनच्या. शेतं गेली, इमारती आल्या, हायवे रुंद झाला. पेट्या मात्र शेवग्याखाली तशाच राहिल्या. आत्याचा मध गल्लीत मुख्यतः एका कामासाठी मागितला जायचा. घरात मूल जन्मलं की कोणीतरी वाटी घेऊन यायचं. सोन्याच्या अंगठीला मध लावून बाळाच्या जिभेला टेकवायचा. डॉक्टर नको म्हणत, लोक तरी नेत. वाटी भरताना आत्या विचारायची, "पोरगी का पोरगा?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायची, "ग्वाड बोलंल."

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. कर्वेनगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी एक प्रकल्प घेतला. मधमाशी दिवसभर आसपास फिरते, तिच्या अंगावरच्या केसांना हवेतली धूळ चिकटते, त्या धुळीत शिसं आणि जस्तही असतं. माश्या वाळवून आम्लात विरघळवल्या की त्या भागात कोणते धातू किती आहेत ते यंत्रावर कळतं. एक पेटी कॉलेजच्या गच्चीवर होती, दुसरी कोथरूडच्या एका सोसायटीच्या बागेत. तिसरी हायवेजवळ हवी होती. वर्गात मी कधी हात वर करत नसे. त्या दिवशी केला.

आत्या लगेच तयार झाली नाही. "जित्या माश्या मारून न्यायच्या? त्ये नाय जमायचं," म्हणाली. शेवटी चारांपैकी हायवेकडच्या पेटीच्या दाराशी मरून पडलेल्या माश्या तिने रोज सकाळी पिसाने गोळा करून मला द्यायच्या, असं ठरलं. तिची एकच अट होती. "माझं नाव, घर कुटं दिसाया नको. लोकं मध नेत्यात माझ्याकडनं."

नाव किंवा घर कुठे दिसणार नाही ना, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नाव कशाला? पेटी क्रमांक तीन. बास."

ते मी आत्याला सांगितलं तेव्हा ती हसली. "म्हंजी माझा तिसरा नंबर. शाळेत कवा आला न्हवता."

आत्या दर शनिवारी मारुतीला जायची आणि येताना उरलेला शेंदूर तेलात कालवून पेटीच्या दारावर बोटाने लावायची. माश्या त्यावरूनच आत-बाहेर करायच्या. मी ते पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं. वहीत 'पेटीचे वर्णन' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'लाकडी, जुनी, शेवग्याच्या सावलीत.' शेंदराचं लिहिलं नाही. बाकीच्या मुली इंग्रजीत लिहायच्या. आपल्या वहीत देवाचा शेंदूर आला तर हसतील, असं वाटलं. एवढंच कारण होतं. दुसरं शोधूनही सापडत नाही.

निकाल आले. तीन नंबरच्या पेटीत शिसं बाकीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त होतं. मॅडम खूश झाल्या. हायवेचा परिणाम स्वच्छ दिसतोय म्हणाल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

पुढच्या रविवारी कोथरूडच्या त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण होतं. मी मागे उभी होते. पडद्यावर आलेख आला आणि त्यानंतर एक फोटो. वहीसाठी मीच काढलेला. त्यात पेटी होती, शेवगा होता आणि मागे आत्याच्या स्वयंपाकघराचं निळं दार.

"अहो, ही तर वारज्याची मधवाली," पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. "आमच्या नातवाला तिचाच मध चाटवला होता."

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बघा, शिशाची किंमत तिने वेगळी लावली नाही. हल्ली असा मनाचा मोठेपणा कुठे दिसतो?"

लोक हसले. मॅडमही हसल्या. आपण माश्या तपासल्या, मध तपासलाच नाही, हे एक वाक्य त्या बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं.

मी मात्र त्या फोटोतच अडकले होते. पेटीच्या दारावरचा केशरी डाग पडद्यावर मोठा होऊन दिसत होता. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं.

मॅडमनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहीत आहे का हे?"

"नाही, मॅडम."

"मग मी कशाच्या आधारावर बदलू?"

"पण तुम्ही म्हणाला होतात की घर दिसणार नाही."

"नाव कुठे घेतलं मी?" त्या कागद आवरत म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पेटी धुऊन परत नमुने घेऊ. आत्ता सगळीकडे निकाल गेलेत."

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. बातमी माझ्या आधी पोचली होती. मी शेंदराचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ह्ये त्यास्नी सांग की."

"सांगितलं, आत्या."

"मग?"

ती उठली, राख आणि काथ्या घेऊन आली आणि पेटीचं दार घासायला लागली. माश्या तिच्या हाताभोवती फिरत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्याच्यानं येऊ नगंस माश्या न्यायाला."

त्यानंतर तिच्या दारात वाटी आली नाही.

दोन महिन्यांनी माझ्या वहिनीला मुलगी झाली. आमच्याकडे मध चाटवायचा मान बाळाच्या आत्याचा, म्हणजे आता माझा. आईने दुकानातून मधाची बरणी आणली होती. मी तिला म्हटलं, "आई, मी सांगितलंय ना, ते शेंदराचं होतं."

"कळतंय गं मला," आई म्हणाली. "पण मध तपासलाय का कोणी?"

तपासला नव्हता. त्यात शिसं होतं की नव्हतं, मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुपारी आत्या आली. पदराखाली तिने काहीतरी झाकून धरलं होतं. वाटीची कड मला दिसली. तिची नजर ताटाकडे गेली. अंगठी, कुंकू आणि शेजारी ती सीलबंद बरणी. ती कोपऱ्यात बसली. पदर तसाच राहिला. पोरगी का पोरगा, हे तिने विचारलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. "उघड की," आत्याच म्हणाली. "लेकरू कवाधरनं तोंड हलवतंय."

मी बरणीचं झाकण फिरवलं आणि अंगठी आत बुडवली.