खिसे चाचपणारी वहिनी

माझ्या वहिनीच्या हाताला डोळे आहेत असं तिच्या लाँड्रीतल्या बायका म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मोठी लाँड्री आहे ती. इस्पितळांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, नर्सबायांचे गणवेश तिथे गाड्या भरभरून येतात. ते मशीनमध्ये जाण्याआधी खिसे तपासायचे, हे वहिनीचं काम. प्रत्येक खिशात हात घालायला वेळ नसतो. वरूनच चाचपायचं, टणक लागलं तर काढायचं, नाही लागलं तर पुढे ढकलायचं. एखादं शाईचं पेन निसटलं की अख्खी खेप बाद होते आणि मुकादम दिवसभर सगळ्यांवर खेकसत फिरतो. वहिनीच्या हातून मात्र पेन कधी निसटत नाही.

दिवसभर परक्यांचे खिसे चाचपून ती घरी येते आणि घरीही तेच करते. त्याला कारण आमची चिंगी. चिंगी ही माझ्या भावाची मुलगी, सोळाव्या वर्षात आहे, आणि तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं असं नव्हे. लहान असताना शेजारणीने कौतुकाने दिलेलं एक बिस्किट तिने खाल्लं, आणि बघता बघता तोंड सुजलं, ओठ निळे पडले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर हाताशी होते म्हणून ती आज आहे. त्या दिवसापासून वहिनी पुन्हा म्हणून निवांत बसलेली मी पाहिली नाही.

घरातून दाणे हद्दपार झाले. मला दाणे जिवापाड आवडतात हे कोणी विचारात घेतलं नाही, घ्यायचं कारणही नव्हतं. काही दिवस मी गच्चीत जाऊन चोरासारखी खायची, मग तोंड धुवायचं, हात घासायचे, कपडे बदलायचे आणि मगच खाली यायचं. एवढी तपश्चर्या करून दोन मुठी दाणे कोण खातं? सोडले.

दादा ट्रकवर असतो, आठवड्यातून एकदा दिसतो. त्यामुळे सगळं वहिनीवर. दुकानात प्रत्येक पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत ती उभी राहते आणि मागची रांग उसासे टाकते. कोणाकडे जायचं असलं की आधी फोन, मग पुन्हा फोन, मग जाणंच रद्द. नातेवाईकांनी बोलावणं हळूहळू बंद केलं. वहिनी माझ्याहून लहान आहे, पण बसमध्ये आम्हा दोघींना पाहून लोक तिलाच आधी बसायला जागा देतात.

दाराजवळच्या खुंटीवर चिंगीची निळी थैली असते. तिच्यात इंजेक्शनचं पेन. कधी चुकून पोटात दाणा गेलाच तर मांडीत टोचायचं. सकाळी चिंगी थैली खांद्याला अडकवून दारात येते, वहिनी लाटणं हातात असलं तरी बाहेर येते, थैली वरून चाचपते, आत टणक लागलं की म्हणते, "जा." इतकी वर्षं हे चाललंय, की तो हात फिरल्याशिवाय चिंगीचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

आणि संध्याकाळी चिंगी शाळेतून येते ती वादळासारखी. बूट न काढता थेट ओट्याशी, झाकणं उघडायची आणि उभ्या उभ्या पातेल्यातूनच खायचं. "आला बघा बकासुर," मी म्हणायची. वहिनी कौतुकाने बघत राहायची. "खाऊ दे हो वन्सं. खातेय म्हणजे बरी आहे." दिवसभरात वहिनीच्या चेहऱ्यावरचा शीण उतरलेला दिसायचा तो तेवढाच वेळ.

मी घरी शिवणकाम करते. परवा रविवारी वहिनीने थैली माझ्या मशीनवर आणून टाकली. "वन्सं, चेन अडकतेय. नवी लावाल का?" चिंगी न्हायला गेली होती. मी चेन उसवण्याआधी आतली वस्तू बाहेर काढून ठेवली, आणि बघते तर तो जाडजूड मार्कर होता. फळ्यावर लिहायचा, निळा.

मी थैली उलटी करून झटकली. दुसरं काही पडलं नाही. "वहिनी," मी हाक मारली, "जरा इकडे ये गं."

ओल्या हातांनी आली. मार्कर उचलला, टोपण काढून पाहिलं, पुन्हा लावलं. मग खुर्ची ओढून बसली. ओरडेल, रडेल असं मला वाटलं होतं. ती मार्कर बोटांनी चाचपत राहिली. खिशात टणक लागलं की संशय घ्यायचा, हे तिचं कामावरचं शहाणपण, आणि इथे मात्र टणक लागलं म्हणून ती रोज बिनघोर होत आली होती.

चिंगी केस पुसत बाहेर आली. टेबलाकडे पाहिलं आणि जागीच थबकली.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"यंदा शाळा सुरू झाल्यापासून."

"खरं पेन कुठे आहे?"

"मोज्यांच्या खणात. जपून ठेवलंय आई, हरवलेलं नाही. वर्गातली पोरं ते ओढून घ्यायची, झेलाझेली करायची. तुटलं असतं तर तू..." ती थांबली. "आणि मी बाहेर काही खातच नाही गं. पाणीसुद्धा माझ्याच बाटलीतलं पिते. मग ते कशाला लागतंय?"

"काही खात नाहीस? आणि डबा?"

चिंगी टॉवेलशी चाळा करत राहिली. मग एकदम बोलत सुटली. मधल्या सुट्टीत तिला बाईंच्या टेबलाशेजारी एकटीला बसवतात. काळजीनेच बसवतात. पण सगळा वर्ग तिकडे आणि ही इकडे, भिंतीकडे तोंड करून. येता-जाता कोणीतरी नाक दाबतं, कोणीतरी "शिंकू नका रे, मरेल" म्हणतं. म्हणून तिने सांगून टाकलं, मला भूक नसते. सुट्टीत ती मैदानात जाते. डबा फाटकाजवळच्या कुत्रीला घालते.

"रोज?"

"बहुतेक रोज."

"म्हणजे तू घरी यायचीस ती दिवसभराची उपाशी यायचीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. पेन नव्हतं हे तिने पचवलं होतं, हे पचेना. मलाही पचेना. माझा तो बकासुर माझ्याच घशात अडकला.

"उद्यापासून मी थैली उघडून बघणार," शेवटी वहिनी म्हणाली. "शाळेत येऊन बसेन. डबा समोर खायला लावेन."

"ये," चिंगी म्हणाली. तीही थकलेलीच होती, आईसारखीच दिसत होती. "मग भिंतीकडे तोंड करून आपण दोघी बसू. मी आजारी नाहीये गं आई. मला एक वस्तू खाता येत नाही, एवढंच. पण सगळे मला आजारी समजतात, तूसुद्धा."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात चिंगीच्या वर्गातली शिडी. शिडी हे तिचं नाव नव्हे, पण इतकी उंच आहे की दुसरं काही कोणी म्हणत नाही. "काकू, आज माझा वाढदिवस आहे. हिला पाठवा ना. दर वर्षी नाही म्हणते. आईने या खेपेला दाण्याचं काही म्हणजे काही आणलेलं नाही. तरी ही म्हणते, तिथे मी खाणार नाही, मग येऊन काय करू?"

चिंगी मान खाली घालून उभी होती. तिने आईला विचारलंच नव्हतं. नकार पाठ झाला असला की माणूस विचारायचं सोडतं. वहिनीचे ओठ "नको" म्हणायला हलले, ते मी स्पष्ट पाहिलं. आणि ती उठली, खणातून खरं पेन काढून आणलं आणि शिडीसमोर धरलं. "हे कसं वापरायचं ते..."

"मी सांगते," चिंगी म्हणाली. तिने शिडीचा हात धरून आपल्या मांडीवर बाहेरच्या बाजूला ठेवला. "इथे. कपड्यावरूनच. टोपण काढायचं, जोरात दाबायचं आणि धरून ठेवायचं. मग ॲम्ब्युलन्स. मी बरी आहे म्हटलं तरी ॲम्ब्युलन्स." शिडीने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. हसली नाही.

मी चेन लावून दिली. वहिनीने डबा भरला, घरातला सगळ्यात मोठा. दारात तिचा हात सवयीने थैलीकडे गेला आणि वाटेतच थांबला. चिंगीने स्वतःच चेन उघडली, पेन दाखवलं, पुन्हा लावली. "जा," वहिनी म्हणाली.

मग आम्ही दोघी वाट बघत बसलो. वहिनीने इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली. फोन मांडीवर, कान जिन्याकडे. चिंगीचं ताट तिने वाढून झाकून ठेवलं, कारण येईल ती भुकेने कासावीस होऊनच येईल. "तूही जेवून घे," मी म्हटलं, तर नुसता हात हलवला.

दिवे लागून बराच वेळ झाल्यावर चिंगी आली. तिने दारात बूट काढले, थैली खुंटीला लावली, आणि ओट्याकडे न जाता खुर्चीत बसली.

"ताट वाढलंय," वहिनी म्हणाली.

"नको गं. पोट भरलंय."

वहिनीने डबा उघडला. लख्ख रिकामा. ती डब्याकडे आणि मग चिंगीकडे बघत राहिली, विचारावं की नाही अशी.

"तिथे कुत्री नव्हती आई," चिंगी म्हणाली. "मी खाल्लं. सगळ्यांच्या मध्ये बसून. निम्मा तर शिडीनेच संपवला, पुढच्या वेळी जास्त दे म्हणाली."

वहिनीने ताटावरचं झाकण काढलं, पाटावर बसली आणि जेवायला लागली. सगळं निवून गेलं होतं. मी गरम करून देते म्हटलं, तर तिने मान हलवली आणि खात राहिली.